नखातले एकतीस दिवस

संदेश रेडेकर जाऊन चौदा महिने झाले होते. नवऱ्यामागची कागदपत्रं एकदाची संपली, असं हर्षदाला वाटायला लागलं होतं. मृत्यूचा दाखला, पेन्शनची मंजुरी, विम्याचे फॉर्म, मुलीच्या, मुक्ताच्या शाळेतला फीमाफीचा अर्ज हे सगळं तिनं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर टाकलं होतं. ती पिशवी पुन्हा काढायची वेळ येऊ नये, एवढीच तिची इच्छा होती.

नोटीस आली तेव्हा ती आजऱ्याच्या काजू कारखान्यात बिया फोडायला बसली होती. टरफलाच्या तेलानं हात बरबटलेले. फोन दोनदा वाजला, तिनं घेतला नाही. जेवणाच्या सुट्टीत राख लावून हात धुतले आणि वाचलं. कर कार्यालय, कोल्हापूर. 'कै. नायक संदेश रेडेकर यांच्या नखाचा नमुना सेवानोंदीशी जुळत नाही. खुलाशासाठी समक्ष हजर राहावे.'

"काय ग, कुणाचं हाय?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"सरकारचं," हर्षदा म्हणाली आणि डबा उघडला. भाकरी खाल्ली. भूक नव्हती, पण दुपारनंतर चार तास काढायचे होते.

घरी सासूला सांगितलं तेव्हा आत्तींनी हातातली सुपली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "नख कुठनं आलं त्यांच्याकडं?"

हर्षदालाही ते नीट आठवत नव्हतं. शवपेटी आली त्या दिवशी तिनं पंधरा-वीस ठिकाणी सह्या केल्या होत्या. त्यातली एक नखासाठी होती बहुतेक.

*

कोल्हापूरच्या कार्यालयात सकाळी अकरा वाजता बसायला जागा नव्हती. सगळी फौजेतली घरं. हर्षदाच्या शेजारी कागलची एक बाई होती. तिचा नवरा संदेशसारखाच परदेशी शांतिसेनेत गेलेला, तो परतून तीन महिने झाले होते. त्याच्या नखानं सांगितलं होतं, की धोक्याच्या चौकीवर काढलेल्या दोन महिन्यांपैकी वीस दिवस तो भलत्याच कुठल्या तरी समुद्रकाठी होता. "कर भरू की," ती बाई म्हणाली, "त्याचं काय नाही. पण तिथं कुणाबरोबर होता, ते हे सांगत न्हाईत." हर्षदानं मान हलवली. दुसऱ्याचं ऐकून घ्यायला तिच्याकडं जागा नव्हती.

निरीक्षक लोखंडे पन्नाशीतले, बारीक आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. दिवसाला असे वीसजण समोर येऊन बसत असणार, हे त्यांच्या डोळ्यांखाली दिसत होतं.

"ताई, आधी एक सांगतो. तुम्हाला काही भरायचं नाहीये. उलट आहे."

मग त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. परदेशात, धोक्याच्या म्हणून जाहीर झालेल्या क्षेत्रात जवान नोकरी करतो, तेव्हा तिथल्या दिवसांच्या पगारावर कर लागत नाही. पूर्वी क्षेत्रात महिन्यातला एक दिवस पाय टाकला तरी अख्खा महिना माफ व्हायचा. मग काही साहेबलोक एकतीस तारखेला विमानानं जायचे आणि एक तारखेला परतायचे. एका रात्रीत दोन महिने. म्हणून नियम बदलला आणि दिवस मोजायला लागले. तर हजेरीपटच खोटे यायला लागले. फोनवरून माणूस कुठं आहे ते कळलं असतं, पण चौकीवर फोन चालू ठेवला तर वरून ड्रोन नेमका तिथंच येतो. तिथं सगळी यंत्रं बंद, आठवड्याला घरी दोन मिनिटं बोलायचा एक सॅटेलाइट फोन सोडून.

"शेवटी नखावर आले," लोखंडे म्हणाले.

त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास तिच्याकडं सरकवला. "हे पाणी सगळीकडं सारखं नसतं. पाण्यातल्या ऑक्सिजनचे अणू काही हलके असतात, काही किंचित जड. समुद्रावरून ढग निघाला की जड पाणी आधी गळतं, किनाऱ्याजवळच. ढग डोंगरावर पोचेपर्यंत त्यात हलकंच जास्त उरतं. म्हणून बंदरावरच्या विहिरीचं पाणी आणि डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जिभेला कळत नसलं, तरी यंत्राला वेगळं कळतं. आपण जे पितो, खातो, त्याचंच नख बनतं. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं. म्हणजे एका नखात वर्ष-सव्वा वर्षाची वही असते. लेसरनं त्याचे बारीक थर काढून वाचतात. दोन दिवस इकडं-तिकडं होतात, जास्त नाही."

"आणि बाटलीतलं पाणी प्यायलं तर?"

लोखंडे थोडे चमकले. हा प्रश्न बहुधा वकील विचारत असावेत. "दोन्ही ठिकाणी तिथलंच पाणी गाळून पितात. ते आम्ही तपासलंय."

मग त्यांनी पडद्यावर एक आलेख दाखवला. एक रेघ बराच वेळ खाली चाललेली, मग थोडी वर चढलेली, आणि शेवटी पुन्हा खाली.

"हे खालचं म्हणजे तुंबीरी, डोंगरातली चौकी. धोक्याचं क्षेत्र. तिथं ते अकरा महिने होते, ते नोंदीशी जुळतं. ही वर चढली ती सालेम बंदराची. मुदत संपवून खाली आले. ते क्षेत्रात मोडत नाही. नोंदीप्रमाणं इथून पुढं ते बंदरावरच होते, विमानाची वाट बघत, आणि बंदराच्या रस्त्यावर ट्रक उलटून गेले. पण नख म्हणतंय की शेवटचे एकतीस दिवस ते पुन्हा वर होते."

हर्षदा त्या रेघेच्या टोकाकडं बघत राहिली. तिथं रेघ संपत होती आणि पुढं पांढरा पडदा होता.

"क्षेत्रात मृत्यू म्हणजे तुमच्या पेन्शनवर आयुष्यभर कर नाही. त्यांनी भरलेला दोन वर्षांचा कर परत. आणि नोंद बदलते. अपघात जाऊन रणभूमी येते." लोखंडेंनी चष्मा काढला. "पण त्यासाठी तुम्हाला चौकशीचा अर्ज करावा लागतो. तीस दिवसांत. नाही केलात, तर नमुना सदोष म्हणून मी फाईल बंद करणार. मला दुसरं काही करता येत नाही."

"चौकशीत काय होतं?"

"त्यांच्या जागी वर कुणाचं नाव होतं, ते बघतात." त्यांनी दाराकडं पाहिलं. "दुसऱ्या एका जवानाच्या, परतताना घेतलेल्या नखात तेच एकतीस दिवस उलटे आलेत, एवढंच सांगू शकतो. नाव विचारू नका."

नाव विचारायची गरज नव्हती. तुंबीरीच्या चौकीवर संदेशबरोबर या भागातला एकच माणूस होता, हवालदार तोडकर. दर दोन महिन्यांनी तो नेसरीहून मोटारसायकलवर येई, मुक्ताला वह्या आणि आत्तींना गुडघ्याचं औषध देई, आणि चहा न घेता जाई.

एसटीत खिडकीशी बसून ती तो शेवटचा महिना आठवत राहिली. "विमान पुढं ढकललंय," संदेश म्हणायचा. आठवड्यातून एकदा फोन, तोही जुन्या सॅटेलाइट फोनवरून, नुसता आवाज. ती म्हणायची, तोंड दाखव की. तो म्हणायचा, बंदरावर नेट नाही. बंदरावर नेट नाही! शेवटच्या फोनला ती म्हणाली होती, "तिकडंच कुणी भेटली असंल तर सांगून टाक, म्हणजे मी वाट बघायची थांबते." तो हसला होता. चांगला मोकळा हसला होता.

*

तिनं तोडकरांना फोन केला नाही. त्यांनाही नोटीस आलेली असणार, ते येतीलच, हे तिला माहीत होतं. ते तिसऱ्या दिवशी दुपारी आले. रविवार होता. मुक्ता मैत्रिणीकडं गेली होती.

हवालदार विश्वास तोडकर उंचापुरा माणूस, पण उंबऱ्याशी उभा राहिला तो अंग चोरून. आत्तींनी पाट दिला, त्यावर न बसता ते भिंतीला टेकून खाली बसले. हर्षदानं चहा पुढं ठेवला. त्यांनी कप उचलला नाही.

"वहिनी, तुमच्याकडं कागद आला असंल."

"आला."

"मग मी सांगतो. मधे थांबवू नका. थांबलो तर जमायचं नाही."

त्यांनी जमिनीकडं बघत सांगितलं. संदेश खाली गेल्यावर पाचव्या दिवशी चौकीवर मारा झाला. कुणी मेलं नाही, पण तोडकरांच्या हातात जी थरथर शिरली ती जाईना. रायफल धरता येईना, मग ताट धरता येईना. ड्रोनचा नुसता आवाज आला की लघवी व्हायची. पेन्शनला सात महिने उरले होते. डॉक्टरकडं गेलं असतं तर घरी पाठवलं असतं, कागदावर शिक्का मारून. सुभेदारसाहेबांनी वाट काढली. तोडकरांना रसदीच्या गाडीतून बंदरावर पाठवलं, आठ-दहा दिवस विसावा घेऊ दे म्हणाले. पण चौकीत माणूस कमी दाखवता येत नव्हता. बंदरावर तोडकरांना उतरवून घेणारा संदेश होता. त्याचं विमान तसंही दहा दिवस लांबलं होतं.

"तो माझ्या नावानं वर गेला. मी त्याच्या नावानं खाली झोपलो. दहा दिवसांनी मला परत चढवायला गाडी आली, आणि मी तिच्यात चढू शकलो नाही. पायच उचलंना. पुढच्या वेळी पण. साहेब कागदावर त्याचं विमान पुढं ढकलत राहिले. मग..." त्यांनी हात मांडीखाली दाबले. "चौकीवर ड्रोन पडला. कागदावर तर तो बंदरावर होता. सुभेदारसाहेबांनी ट्रक लिहिला."

आत्ती उठून आत गेल्या. आतून भांड्याचा आवाज आला.

हर्षदानं विचारलं, "तुम्ही त्यांना जा म्हणालात?"

तोडकर वर बघेनात.

"भाऊजी, एवढंच सांगा. तुम्ही पाय धरलेत का त्यांचे? का साहेबांनी हुकूम दिला?"

"नाही," ते म्हणाले. "मी काही बोलायच्या आधीच तो पिशवी भरायला लागला होता."

हुकूम असता तर हुकमावर राग काढता आला असता. या माणसानं पाय धरले असते तर या माणसावर. हर्षदाला वाटलं, आपण फार दिवस एक जड वस्तू डोक्यावर घेऊन चाललो होतो, आणि आता कुणीतरी येऊन सांगतंय की ही तुमची नव्हेच, दुसरी आहे, हिच्यापेक्षा जड.

"दहा दिवसांनी घरी यायचा होता तो," ती म्हणाली. "मुक्तानं भिंतीवर रेघा मारल्या होत्या. आणि मला फोनवर सांगत होता, विमान ढकललंय."

"वहिनी, तुम्ही अर्ज करा. माझं काय व्हायचं ते होऊ दे. तुम्ही म्हणाल तसं."

"मी म्हणेन तसं?" तिचा आवाज चढला, चौदा महिन्यांत पहिल्यांदा. "आता विचारताय होय मला? तिथं तिघं बसून ठरवलंत, तेव्हा फोन नव्हता? तो ठरवून गेला, साहेबांनी ठरवून ट्रक लिहिला, तुम्ही ठरवून वह्या आणत राहिलात. आणि आता तुम्हाला बुडवायचं का वाचवायचं, हे मात्र मी ठरवू?"

तोडकर उठले. चप्पल हातातच घेऊन ते अंगणात उतरले.

आत्ती बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते. "अर्ज कर," त्या म्हणाल्या. "गावच्या शहिदांच्या कट्ट्यावर सतरा नावं हायत. माझ्या लेकाचं नाही. ट्रकखाली मेला म्हणून नाही. सगळी माझ्या तोंडाकडं बघून बघून जात्यात."

"आणि तोडकरांची बायको, पोरी?"

"त्या जित्या हायत, हर्षदा. त्यांचा माणूस जिता हाय."

*

पंधरा दिवस हर्षदानं काहीच केलं नाही. कामावर गेली, आली. एका रविवारी आजऱ्याहून वडापची जीप धरली आणि नेसरीला उतरली.

तोडकरांची पिठाची गिरणी होती, भावाच्या मालकीची. गिरणीवर तोडकर दिसले नाहीत. त्यांची बायको मनीषा पट्ट्याजवळ उभी राहून दळण टाकत होती, केसांवर पीठ बसलेलं. हर्षदाला बघून तिला खरंच आनंद झाला. "वहिनी तुम्ही! आमचे हे कायम तुमच्याकडं येतात, मला कधी आणत न्हाईत." तिनं गिरणी बंद केली तशी आतल्या खोलीतून तोडकरांचा आवाज आला, "काय झालं? बंद का केली?" घाबरलेला, बारीक आवाज.

"गिरणी चालू असली की बरं असतं त्यांना," मनीषा हळूच म्हणाली. "बाहेरचं काय ऐकू येत न्हाई मग. फौजेतनं आल्यापासनं असंच. मला काय सांगत न्हाईत. देवरसाचा अंगारापण लावून झाला."

तिला काहीच माहीत नव्हतं. म्हणजे या घरातही कुणी कुणाला विचारलेलं नव्हतं.

तोडकर दारात आले. हर्षदा मनीषासमोरच बोलली. येताना वडापमध्ये तिनं वाक्यं जुळवली होती, पण ती आठवली नाहीत.

"मी अर्ज करणार आहे, भाऊजी. पण आधी तुम्ही तुमच्या बायकोला सगळं सांगायचं. आज. आणि चौकशीत लिहून द्यायचं की तुम्ही आजारी होता. पळालो असं लिहायचं नाही. आजारी होतो, असं लिहायचं."

"ते सगळ्यात अवघड आहे, वहिनी."

"असंल," ती म्हणाली. "मला कुठं सोपं आहे."

मनीषा एकदा हिच्याकडं आणि एकदा नवऱ्याकडं बघत होती. हर्षदा चहाला थांबली नाही.

*

अठ्ठाविसाव्या दिवशी ती लोखंडेंच्या समोर बसली. बरोबर तोडकर होते, त्यांच्याबरोबर मनीषा, डोळे सुजलेली, पण नवऱ्याच्या कोपराला धरून.

लोखंडेंनी तोडकरांचं लिहिलेलं वाचलं. मग म्हणाले, "नियमात एक कलम आहे. क्षेत्रात झालेल्या इजेसाठी जवान बाहेर उपचार घेत असेल, तर ते दिवससुद्धा धोक्याचेच धरतात. पण तुमचा दवाखान्याचा एकही कागद नाही."

"कागद होऊ नये म्हणूनच तर सगळं केलं, साहेब," तोडकर म्हणाले.

लोखंडेंनी चष्मा लावला. मग त्यांनी पडद्यावर दुसरी रेघ काढली. "नखात अजून एक गोष्ट साठते. भीती वाटली, ताण आला, की शरीर एक द्रव्य रक्तात सोडतं. तेही नखात उतरतं. यंत्र ते मोजतं, पण आमच्या नियमात त्याला रकाना नाही. कुणी वाचत नाही." तोडकरांची रेघ मधेच एखाद्या कड्यासारखी उभी चढलेली होती आणि पुन्हा खाली आलीच नव्हती. "मी हे जोडून देतो. वरचे मानतील की नाही, सांगता येत नाही. नोकरीवरची कारवाई फौजेच्या हातात. पण मी जोडतो."

हर्षदानं विचारलं, "त्यांचं आहे का असं? संदेशचं?"

"आहे." लोखंडे घुटमळले. "बघायलाच पाहिजे असं नाही, ताई."

"दाखवा."

अकरा महिने ती रेघ लहान लहान चढ-उतार करत चालली होती. बंदरावर आल्यावर सपाट झाली. मग ते शेवटचे एकतीस दिवस. पहिल्या दिवसापासून रेघ चढत गेली होती. मधे कुठं विसावली नव्हती. टोकाला ती तोडकरांच्या रेघेपेक्षाही वर होती.

दर आठवड्याला फोन येत होता तो या रेघेतून. हसणं ऐकू येत होतं ते इथून. संदेशनं बेफिकीरपणे पिशवी भरली, त्याला घराची ओढ नव्हती, भीती नव्हती, असं ती इतके दिवस धरून चालली होती. त्या जोरावर तिला त्याचा राग करता येत होता. तो घाबरलेला होता. रोज थोडा जास्त घाबरत होता, आणि रोज उठून दुसऱ्याच्या नावानं हजेरी देत होता.

हर्षदानं पदर तोंडाला लावला. लोखंडे खिडकीबाहेर बघत राहिले. काही वेळानं तिनं पेन मागितलं आणि सही केली.

*

निकाल यायला नऊ महिने लागले. संदेशच्या नोंदीतला अपघात खोडला गेला. सुभेदारांवर खटला उभा राहिला. तोडकरांना फौजेनं दोषी धरलं आणि हवालदाराचा हुद्दा काढून घेतला. पेन्शन अर्ध्यावर आली, पण ती आजारपणाची म्हणून आली, आणि मिरजेच्या एका दवाखान्यात त्यांचे उपचार सुरू झाले. त्यांचे एकतीस दिवस धोक्याचे धरावेत की नाही, हा प्रश्न दिल्लीला गेला आणि तिथंच राहिला. ते आता आजऱ्याकडं येत नाहीत. मनीषा कधीमधी फोन करते. दोघी भाजीचे भाव, पोरींच्या परीक्षा असलं बोलतात आणि ठेवतात.

गावच्या कट्ट्यावर अठरावं नाव कोरलं त्या दिवशी आत्ती नवं लुगडं नेसून पुढं बसल्या. सरपंच बोलले, शाळेच्या मुलांनी गाणं म्हटलं. ज्यानं सोबत्यासाठी स्वतःहून मृत्यूला कवटाळलं, असं कुणीतरी माईकवर म्हणालं. हर्षदाला ते शब्द खूप लांबचे वाटले. ती नारळ फोडून झाल्यावर मुक्ताला घेऊन घरी आली.

मुक्ता आता दहा वर्षांची झाली होती. भाषणं तिनं लक्ष देऊन ऐकली होती. हातपाय धुऊन ती ताटावर बसली आणि भातात बोट फिरवत राहिली.

"आई, बाबा स्वतःहून गेले?"

"हो."

"आपल्याला विचारलं का नाही मग?"

हर्षदा वाढता वाढता थांबली. हा प्रश्न तिनं तोडकरांना विचारला होता, देवासमोर बसून विचारला होता, एसटीच्या काचेला डोकं टेकून विचारला होता.

"विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं," ती म्हणाली. "आणि मी नको म्हटलं असतं तर ते गेले नसते. ते त्यांना माहीत होतं."

मुक्तानं यावर विचार केला. "मग?"

"मग काही नाही," हर्षदा म्हणाली आणि तिच्या भातावर आमटी वाढली. "जेव."